पाठीवर नेलेला कॅमेरा

ती. मामंजी,

अंजनेरीच्या निगेटिव्ह धुऊन आत्ताच दोरीला अडकवल्या. वाळेपर्यंत हात लावायचा नाही, ही तुमचीच शिस्त. हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पहिल्या पाळीला गेलेत, स्टुडिओत गिऱ्हाईक नाही आणि मला एका जागी बसवत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.

तुम्ही गेल्यापासून तुमचा मोठा लाकडी कॅमेरा कुणी उघडला नव्हता. डोंगर उतरताना तुमच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याची ट्रंक तुमच्याच खांद्यावर होती आणि हे नुसता डबा घेऊन मागून येत होते. पण गेल्या आठवड्यात कॉलेजातले एक सर आले. पुस्तकासाठी त्यांना अंजनेरीच्या लेण्याच्या दाराचा फोटो हवा होता, नक्षीची रेघ न् रेघ दिसेल असा. मी हो म्हटलं.

"बाबांना त्या ओझ्यानं नेलं. आता तू उचलणार?" हे म्हणाले.

"ट्रंक नाही नेणार."

त्यांच्या पाळीतले एकजण डोंगर चढायला जातात. त्यांची हलकी सॅक मागून आणली. हलकी म्हणजे नुसतं कापड, आत ना पुठ्ठा ना फळी. कॅमेरा मिटून गोधडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि पाठीच्या बाजूला ठेवला. लेन्स लोकरी मोज्यात. फिल्मचे होल्डर धुळीच्या भीतीनं प्लास्टिकच्या पिशवीत. सागवानी स्टँड घरीच, अल्युमिनियमचा घेतला. दुसरी लेन्स कितीदा आत घातली आणि कितीदा काढली! हे सामान पाठीवर कसं न्यायचं ते तुम्ही मला का नाही शिकवलंत? मी कधी जाईन असं वाटलंच नव्हतं ना तुम्हाला?

हे रजा काढून बरोबर आले. एसटीत मी सॅक मांडीवर घेऊन बसले, खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. चढताना ह्यांचं दर वळणावर "दे इकडे" चालूच. मी दिली नाही. आत काय हलतंय ते माझ्या पाठीला कळत होतं.

लेण्यापाशी वाऱ्यानं तो हलका स्टँड थरथरायला लागला. मला रडू यायचंच बाकी होतं. ह्यांनी रिकाम्या सॅकमध्ये दगड भरले आणि ती स्टँडच्या मधोमध टांगली. स्टँड थांबला. काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, तर काचेवर उलटी नक्षी, पाकळी न् पाकळी.

उतरताना मुरमावरून पाय सरकला आणि मी सॅकसकट खाली बसले. आत कट्ट वाजलं. हे धावत आले.

"आधी काच बघा," मी म्हटलं.

"काच गेली खड्ड्यात. छातीत दुखतंय का तुझ्या?"

सॅककडे न बघता त्यांनी आधी माझी नाडी धरली, मामंजी. तुम्हाला आधीपासून दम लागत असणार, ते तुम्ही त्यांना कधीच का सांगितलं नाहीत? सांगितलं असतंत तर ट्रंक त्यांनी घेतली असती.

फोकसची काच तडकली. होल्डर शाबूत राहिले. एका निगेटिव्हमध्ये उजेड शिरलाय, बाकीच्या ओल्या असताना तरी स्वच्छ दिसताहेत.

काल घरी आल्यावर ह्यांनी सॅक पुढ्यात ओढली. "काय कुठं ठेवतेस ते दाखव. पुढच्या वेळी अर्धं मी घेईन."

दाखवणार आहे. नवी काचही बसवून घेईन. आणि तुम्हाला शब्द देते, डोंगरात मला दम लागला तर मी ह्यांना सांगेन. फोटो राहिला तरी चालेल.

तुमची सून,
शैला