काळ्या हेलिकॉप्टरची काळी डेकलं

कारेलीबाग, बडोदे
९ फेब्रुवारी

ती. धनाजीराव भाऊजींना पद्माचा वाकून नमस्कार.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तुम्ही काठी घेऊन घरातल्या घरात हिंडता, हे संयोगितावहिनींच्या फोनवरून कळलं. बरं वाटलं. (डॉक्टरांशी वाद घालता हेही कळलं, म्हणजे तब्येत पूर्ववत आहे.) नाशिकची थंडी नव्या गुडघ्याला सोसत नसेल तर लोकरीचा पट्टा बांधत जा. माझं ठीक आहे. रक्तदाब आहे तेवढाच आहे. ह्यांना जाऊन परवा अकरा महिने झाले. जेवते, झोप लागते, वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. विचारण्यासारखं एवढंच.

ह्यांचं हेलिकॉप्टर तुमच्याकडे का पोचलं नाही, ते कळवण्यासाठी हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला मध्ये बोलता आणि मग मी काय सांगत होते ते दोघांनाही आठवत नाही. कागद मध्ये बोलत नाही. तुम्ही लिहिलं होतंत की अरविंदचं शेवटचं काम अर्धवट राहता कामा नये, हेलिकॉप्टर आणि डेकलं दोन्ही नाशिकला पाठवा, मी आठवड्यात लावून परत पाठवतो, म्हणजे अलकापुरीच्या मॉडेलांच्या प्रदर्शनात त्याच्या नावाने मांडता येईल. हे मला पटलं होतं. ह्यांनी ते जोडून, काळं रंगवून ठेवलं होतं आणि डेकलं, ती त्यावर चिकटवायची बारीक छापील अक्षरं, परदेशातून मागवली होती. ती हे गेल्यानंतर चार महिन्यांनी पोस्टाने आली. पोस्टमनने ह्यांची सही मागितली. मी माझी केली.

तर मी हेलिकॉप्टर जुन्या मऊ साडीत गुंडाळून खोक्यात ठेवलं आणि कुरियरच्या दुकानात गेले. खालच्या मजल्यावरच्या रसिकाबेन स्कूटरवरून घेऊन गेल्या. फॉर्मवर वस्तूचं वर्णन विचारलं होतं. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: सैन्याचं हेलिकॉप्टर, रात्रीच्या विशेष कारवाईचं, नग एक. यात खोटं काही नाही. काउंटरवरच्या माणसाने ते दोनदा वाचलं आणि आतून मॅनेजरना बोलावून आणलं. त्यांनी विचारलं, हे उडतं का. मी म्हटलं, अजून उडालेलं नाही. (या उत्तराने काम बिघडलं, असं रसिकाबेनचं मत आहे.) मग बॅटरी आहे का, कुणाची परवानगी आहे का, ते काळंच का आहे. शेवटी मॅनेजरना माझी दया आली. म्हणाले, आंटी, टॉय लिख दो, अभी भेज देता हूँ. रसिकाबेनही म्हणाल्या, "रमकडुं लखी नाखो ने, पद्माबेन. एमां शुं?" खेळणं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पेनही त्यांनीच उघडून दिलं.

आता तुम्हाला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं ह्यांच्या मॉडेलांच्या कपाटाला खेळण्यांचं कपाट म्हणत आले. पाहुण्यांसमोर म्हटलं, सासूबाईंसमोर म्हटलं, तुमच्यासमोर तर मुद्दाम म्हणायची. आणि प्रत्येक वेळी हे आपले शांतपणे म्हणायचे, "खेळणं नव्हे, प्रतिकृती." एकतीस वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही दुरुस्ती सोडली नाही. तो शब्द लिहून जिथे माझं काम झालं असतं अशी आयुष्यातली ती एकच जागा, आणि तिथे माझ्या हातून तो लिहिला गेला नाही. मी प्रतिकृती असं लिहिलं. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तसा प्रकार नव्हता. खोकं मांडीवर घेऊन मी स्कूटरवर परत आले. वाटेत रसिकाबेन एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे आजाराचं लक्षण असतं, पण घरी गेल्यावर बऱ्या झाल्या.

प्रदर्शनाला सतरा दिवस होते. मी म्हटलं, आपणच लावू. एक माणूस एकतीस वर्षं शेजारी बसून हे करताना पाहिला आहे, चहा त्याच टेबलावर दिला आहे, एवढं काय कठीण. डेकल पाण्यात भिजवायचं आणि कागदावरून सरकवून जागेवर बसवायचं, हे मी पाहिलेलं होतं. एका वेळी एकच कापून भिजवायचं, हे पाहिलेलं नव्हतं. (तुम्ही इकडे आलात की दोघं टेबलाशी बसायचात, तिथे तुमची पाठ आड यायची.) साबुदाणा काही आपण एकेक दाणा भिजवत नाही. मी परातीत कोमट पाणी घेतलं आणि अख्खा कागद त्यात सोडला.

पाच मिनिटांनी सत्त्याऐंशी डेकलं वर तरंगत होती. शेजारी छापलेले अनुक्रमांकही त्याच शाईचे, तेही सुटले. कोणता आकडा कुणाचा हे आता फक्त पाण्याला माहीत होतं. मी झारा आणला आणि एकेक वर काढून दुधाच्या पिशव्या कापून त्यांवर वाळत घातलं. दोन हाताला चिकटून गेली. संध्याकाळी भाजीवालीने माझ्या मनगटावर वाचलं की इथे पाय ठेवू नये. तिला इंग्रजी येतं हे मला त्या दिवशी कळलं. एक "धोका" लोणच्याच्या बरणीवर वाळलं. ते तसंच ठेवलं आहे, त्यात चूक काही नाही.

मग भिंग आणि डिक्शनरी घेऊन मी ती सगळी वाचून काढली. सातवीनंतर जे वाचलं ते मी माझं मीच वाचलं, त्यामुळे सावकाश वाचायची लाज वाटत नाही. या यंत्रावर इतक्या सूचना आहेत की त्या एखाद्या गृहिणीने लिहिल्या असाव्यात. इथे पाय ठेवू नका. इथे धरू नका. हे झाकण आधी उघडा. पंखा फिरताना जवळ येऊ नका. एकच गोष्ट तीन ठिकाणी सांगितली आहे, म्हणजे ऐकणारे पुरुष असणार. मी अर्थ लावून जागा ठरवल्या. जिथे पाय ठेवलेला मला स्वतःला चालला नसता, तिथे ते लावलं. डेकलं बसवायच्या औषधाच्या ह्यांच्या दोन बाटल्यांपैकी कोणती आधी, कोणती नंतर, हे मात्र कळेना. पहिल्याच डेकलाला बाटली लावली तशी ते पापडासारखं आकसलं. मी हात जोडून उठले आणि दार ओढून घेतलं. सकाळी पाहते तर ते आपोआप सपाट होऊन रंगात बसलं होतं. (हा गुण माणसांत असता तर बरं झालं असतं.)

दहा दिवस मी हेच केलं. आणि भाऊजी, मग माझ्या लक्षात आलं की काही दिसत नाही. रात्री लपून उडणारं हेलिकॉप्टर, म्हणून ते काळं, आणि म्हणून त्यावरची अक्षरंही काळी. वर मॅट वार्निश मारल्यावर उरलीसुरली चमकही गेली. दिसू नयेत म्हणूनच छापलेली अक्षरं मी दहा दिवस डोळे फोडून लावली. ह्यांना हे सांगितलं असतं तर आठवडाभर हसत बसले असते. सांगायला गेलेही, खोलीच्या दारापर्यंत.

प्रदर्शन भरवणारा सिद्धार्थ मॉडेल न्यायला आला. त्याने मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पाहिलं, तेव्हा कुठे अक्षरं उमटली. मग अदबीने म्हणाला, "काकू, शेपटीवर हे त्रेचाळीस कुठल्या तुकडीचं?" ते कुठल्याच तुकडीचं नव्हतं, तो अनुक्रमांक होता. पायलटच्या दारावर इंधन भरण्याची सूचना आहे, हेही त्याने हळूच सांगितलं. मला फक्त एकाच गोष्टीची धास्ती होती. मी विचारलं, या चुका ह्यांच्या नावावर जाणार का. तो म्हणाला, प्रवेशिका अरविंदकाकांच्या नावाने आहे. मी म्हटलं, मग मॉडेल राहू दे इथेच. ह्यांनी एका खिळ्याएवढ्या भागासाठी तीन रविवार घालवलेले मी पाहिले आहेत. माझं त्रेचाळीस त्यांच्या माथी नको. शेवटी सिद्धार्थनेच नवं कार्ड लिहिलं: बांधणी आणि रंग, कै. अरविंद माने. डेकलं, पद्मा माने. मगच मी खोकं हातातून सोडलं.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षक बाहेरगावचे होते, त्यांचा कागद सिद्धार्थने मला दाखवला. बांधणीबद्दल चांगलं लिहिलं होतं, रंगाबद्दल फारच चांगलं. शेवटी लिहिलं होतं: डेकलं लावलेली नाहीत. सिद्धार्थ त्यांना सांगायला निघाला होता, मी थांबवलं. ह्यांचं ते नेमकं होतं आणि माझं दिसलं नाही. यापेक्षा चांगला निकाल मला तरी सुचत नाही. दुसऱ्या दिवशी मी घरून टॉर्च नेला आणि विचारेल त्याला तिरका प्रकाश टाकून वाचून दाखवलं. ते आता कपाटात आहे. हा खटाटोप मला या जन्माला पुरला, पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.

तुमचे डेकलं लावण्याचे बेत फुकट गेले, त्याबद्दल राग धरू नये. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमची
पद्मा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. कुरियरच्या मॅनेजरांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला होता. प्रतिकृती लिहून पार्सल जाईल, माणूस घरी येऊन घेऊन जाईल, असं म्हणाले. मी त्यांना नको म्हणून कळवलं. तेव्हा कागद परातीत पडायचा होता. पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन, पण तुम्हाला माहीत असावं.

ता. क. २. वहिनी म्हणत होत्या की तुमचं स्वतःचं एक हेलिकॉप्टर, जहाजावरून उडणाऱ्या जातीचं, तीन वर्षं डेकलांवाचून पडून आहे आणि या गुडघ्याने तुम्हाला टेबलाशी फार वेळ बसवत नाही. ते डेकलांसकट इकडे पाठवा. बिघडणार नाही असं वचन देत नाही. संध्याकाळी साडेपाचला दिवा लावून मी अजून त्या टेबलाशी बसते, आणि सध्या टेबलावर काही नाही.