गिटारचा वरचा ठोका

२५ ऑक्टो., शनि.
वरचा ठोका लागतच नाही. गिटारची पट्टी खाली दाबली की टीव्हीवरच्या गेममध्ये सूर फुटतो, वर उचलली की काहीच नाही. शेजारच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, भर गर्दी, अन् पडद्यावर माझी बाजू सारखी लाल. दिलीपची गिटार सुसाट. दोन गिटारी, दोघांची लढत, त्यावरच तर आमचा गेमचा ठेला चालतो. मागून एक ओरडला, "गिटार हाय का वखर बे? वाहून राहिला नुसता!" सगळे हसले. मीही हसलो.

आवरताना दि. नेहमीसारखा बॅटऱ्या काढून कागदात बांधत बसला. खेळ संपला की काढतोच. मी कधी काढत नाही. खाली बघूनच म्हणाला, काका हैदराबादले बोलावून राहिला, टाइल्सच्या कामावर. "तुह्या गावची मंडई पाहतो. जमलं तं राहीन. नाई तं जातो, बाप्पा."
आमची मंडई ४ तारखेला.
दि. गेला तर ठेला कसला अन्

२६ ऑक्टो., रवि.
बॅटऱ्या बदलल्या. तेच. दि.चा रिसीव्हर लावून पाहिला. तेच. मग त्याच्या गिटारची मान काढून माझ्या धडाला बसवली. रंगीत बटणं पाचही चालतात, पट्टी मात्र तशीच मुकी. म्हणजे आजार धडात आहे. उघडावी लागेल. स्क्रू चांदणीचे, घरचा पेचकस बसत नाही.

दिवाळीत तर चांगली होती. भाऊबीजेला मी प्रतापगडला भटकायला गेलो तो काल परस्पर मंडईलाच पोचलो. गिटारी दि.नं आणल्या, दोन्ही एका बोरीत घालून, गाडीवर. रस्ता कसला, खड्डेच. कुठं पाडली तर नसेल? विचारलं नाही.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, ते ढोलीचं सांगाचं होतं." कणगीतलं धान काढायचं काम असणार. "उद्या काढतो" म्हटलं अन् सटकलो.

२९ ऑक्टो., बुध.
काल गोंदिया. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं गिटार उलटीसुलटी केली. "भैया, ये तो खिलौना है. तार किधर है?" म्हटलं, तार नसतेच. "तो फिर बिगड़ा क्या है?" त्याला अख्खा गेम समजावला. मग म्हणतो, चांदणीचा पेचकस नाही.
दुसऱ्या दुकानाकडे निघालो तर वाटेत नाटकवाल्यांचा ट्रक. पडदे, पेटी, राजाचं सिंहासन, सिंहासनावर एक जण घोरत होता. "बसतो का?" म्हणाले. बसलो. त्यांच्या मुक्कामी पडदा बांधायला हात लावला, नाटक पाहिलं, आज दुपारी घरी.

दि. कालपासून माझी वाट पाहून राहिला होता. आजही ओट्यावरच बसलेला.
"तुले पेचकस आनाले धाडलो, तू पडदा बांधून आला?"
आतून दादा: "त्याले कायले धाडतं बे? कुत्रा आडवा गेला तरी त्याच्यामागं जाते हा."
दि. हसला नाही. एरवी दादाच्या असल्या बोलण्यावर तोच आधी हसतो.

३० ऑक्टो., गुरु.
पाऊस. कापलेलं धान भिजून राहिलं म्हणून घरात सगळेच कावलेले. दि. आला. म्हणाला, दे इकडं, मीच नेतो कोहमाऱ्याले, ट्रकवाल्यांपाशी असते तो पाना. मी नको म्हटलं. का, माहीत नाही. मग तोंडातून निघालंच. "तूच पाडला असशीन गाडीवरून."
त्यानं आपल्या गिटारच्या बॅटऱ्या काढल्या, कागदात बांधल्या. गाडीला किक मारताना म्हणाला, "पाडलो असतो तं सांगलो असतो. तुही वस्तू मी कधी..." पुढचं गाडीच्या आवाजात गेलं.
दरेकशाला गेला, घरी. गिटार घेऊन.
मी हाक मारली नाही.

१ नोव्हें., शनि.
कोहमारा. गॅरेजात पहिल्याच माणसानं चांदणीचा पाना काढून दिला. इतकं सोपं होतं. धाब्याच्या बाजेवर बसून उघडली.
पट्टीच्या खाली दोन बारकी बटणं असतात, टिचकीसारखी. एक वरच्या ठोक्याचं, एक खालच्या. वरच्यात धानाचा दाणा. कुसळासकट, घट्ट. कोपऱ्यात आणखी दाणे, भुसा.
गिटारीत धान! म्हटलं, दि.ची बोरी धानाची असणार. बरं वाटलं, खरं लिहितो. म्हणजे चूक त्याचीच.

घरी येऊन वहिनीला दाणा दाखवला. ती आधी हसली.
"भाऊबीजेले तुमी हे अंगनात टाकून गेले प्रतापगडले. पावसाच्या पान्यात चिंब झालती. मोबाइल भिजला तं आपन धानातच ठेवतो ना? मनून ढोलीत खुपसली. तुमचे दादा पायते तं फेकूनच देते. शनवारी दिलीपभाऊ आले, त्याईले पुसून देली."
"मग मला सांगितलं काऊन नाही?"
"आलती ना सांगाले. तुमी मनले, उद्या काढतो."
आता तीही हसत नव्हती.

पट्टी वर-खाली दोन्हीकडं बोलते. अख्खं गाणं न चुकता झालं. दादा दारातून: "जमली का बे? पयलंच काम तडीस गेलं तुहं." गाणं संपायच्या आत बंद केली.
दि.चा फोन लागत नाही. मेसेज टाकला: धान निघालं आत. तू नाही पाडला. चूक माही. पाठवल्यावर वाचलं तर ते मोबाइल दुकानाच्या पावतीसारखं वाटलं. जायलाच पाहिजे.

२ नोव्हें., रवि.
सकाळच्या गाडीनं दरेकसा. सालेकशाच्या फलाटावर एक जण पिंजऱ्यात पोपट घेऊन बसला होता, पोपट काहीतरी बोलत होता. उतरलो नाही.
दि.ची माय अंगणात धान वाळवून राहिली होती.
"काल गेला. बॅग घेऊन. काकाकडं जातो मनला."
"राहाले का भेटून याले?"
"मीनंबी तेच इचारली. पायतो मनला." मग माझ्याकडं बघत राहिली. "भांडले काजी तुमी?"
मी हो म्हणून मान हलवली. तिनं आतून बोरी आणून दिली. "तो आला तं देजो, मनला होता."
म्हणजे मी येणार हे त्याला माहीत होतं.
बोरीत गिटार. बॅटऱ्या काढून कागदात बांधलेल्या.

परतीच्या गाडीत तेच डोक्यात. खूप दिवस वाजवायची नसली की माणूस बॅटऱ्या काढून ठेवतो. पण दि. तर रोजच काढतो.

४ नोव्हें., मंगळ.
मंडई. सकाळपासून दंडारीचं नाच-नाटक सुरू. माहेरी आलेल्या पोरी, पाहुणे, पाळणा, जिलेबी. दादानं न मागता शेजारच्या दुकानातून विजेची वायर ओढून दिली. दोन्ही गिटारी टेबलावर मांडल्या. दि.च्यात बॅटऱ्या घातल्या, वाजवली मात्र नाही. खुर्ची बसथांब्याकडं तोंड करून ठेवली.
पाळण्याकडं एकदाही गेलो नाही. वहिनी म्हणाली, "तब्येत बरी हाय ना, भाऊजी?"

त्या दिवशीचा वखरवाला आला. माझी गिटार ऐकून म्हणाला, "आज वाजून राहिली ना बे! दे ते दुसरी. लढतो तुह्याशी."
"नाही."
"काऊन? ते बिघडली का आता?"
"चांगली आहे."
"मंग?"
म्हटलं, "तिचा वाजवनारा येऊन राहिला."