सांदणांवरची ड्युटी

५ सप्टेंबर २०१४, शुक्रवार
आजपासून रोजनिशी रोज लिहायची. इथे आखातात आमच्या कोकणी मंडळाच्या शुक्रवारच्या खाऊबाजारात मत्रह बाजारातल्या नूरुद्दीन हॉटेलवाल्याने टेबल लावलं. घरच्या बायकांची तांदळाची वाफवलेली सांदणं दोनशे बैसाला एक, ह्याची शंभरला. ह्याला डम्पिंग म्हणतात. एक्स्पोर्ट खात्यात अकरा वर्षं अमेरिकेचे कागद भरतोय, मला कळणार नाही? एक खाऊन बघितलं. बेचव. माझ्या बायकोच्या, मुनिबाच्या हाताची सर नाही. घरी तिला तसं सांगितलं. ती उठून किचनमध्ये गेली.

७ सप्टेंबर
मंडळाचा सेक्रेटरी मीच, घटनाही मीच लिहिलेली. प्लॅन तयार. नूरुद्दीनकडून नगामागे तीस बैसा ड्युटी, म्हणजे जकात, घ्यायची आणि सांदणं करणाऱ्या बायकांत वाटायची. फक्त तक्रारीला पाठिंबा देणाऱ्यांना! अमेरिकेत अस्साच कायदा होता. डिसेंबरात मुनिबाच्या बहिणीचं लग्न, दापोलीला. मुनिबाचं तिकीट तिच्या ह्या वाट्यातून. तिने माहेरी जायचं काढलं की तीन वर्षं नुसतं ‘बघू’ म्हणतोय. यंदा ‘बघू’ म्हणणार नाही.

१० सप्टेंबर, सकाळी ६
काल फॉर्म वाटले. पाठिंबा, विरोध, मत नाही. मुनिबा म्हणाली, मत नाही. समजावलं. म्हणाली, नाहीच. लाजते. तिच्या फॉर्मवर मी तशीच टिक केली. सेक्रेटरी निःपक्षपाती दिसलेला बरा.

१९ सप्टेंबर
ड्युटी सुरू. नूरुद्दीन कुरकुर न करता भरतो. टरकला!
घरात तांदूळ फार संपतो. पंचवीस किलोची गोणी नऊ दिवसांत खलास. मुनिबाला काटकसरीवर लेक्चर दिलं. पहाटे चारला उठून किचनमध्ये काय करते अल्ला जाणे.

२६ सप्टेंबर
वाटप झालं. रहिमाला मिळालं, सुरैयाला मिळालं, मुनिबाला शून्य. अध्यक्ष बाबामियाँ म्हणाले, पाठिंबा कुठाय? मी म्हटलं, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. अमेरिकेत फर्निचरवाल्यांनी हीच केस केलीय. त्यांनीही पाठिंबा दिला नव्हता म्हणून वाटा नाही. मीही घटनात्मक आव्हान देणार. मुनिबा म्हणाली, नका देऊ. हिला कायदा कळत नाही.

८ ऑक्टोबर
ऑफिसात बातमी वाचली. फर्निचरवाल्यांची केस तिथल्या सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. वकील कच्चे असणार. परवा मंडळात मी आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
चाळीस मिनिटं बोललो. बाबामियाँनी घटनेचं कलम सात वाचून दाखवलं: सेक्रेटरीने केलेल्या नियमाला कोणीही आव्हान देणार नाही. कलम माझंच. ड्राफ्टिंग मात्र चोख.
मग हुकमी पत्ता काढला. माल कुठे बनला त्याचं सर्टिफिकेट! नूरुद्दीनने सांगावं, सांदणं कोण पुरवतं? त्याने मुनिबाकडे बघितलं. तिने मान डोलावली. मग त्याने सांगितलं.

तोच दिवस, संध्याकाळी ७
सांदणं मुनिबाची. जूनपासून ती त्याच्या हॉटेलला पुरवतेय. ड्युटी त्याने खिशातून भरलीच नव्हती, तिच्या दरातून कापली. म्हणजे मी लावली, बायकोने भरली आणि रहिमा-सुरैयाने वाटून घेतली. तिचं तिकिटाचं जवळजवळ जमत आलं होतं, ते माझ्यामुळे अडलं. लाज वाटली.
आधी सांगायचं ना, म्हटलं. म्हणाली, पाच तारखेलाच सांगणार होते, तेवढ्यात तुम्ही बेचव म्हणालात.
तिकीट मी काढतो, म्हटलं.
बघू, म्हणाली.