सरांचं नाक आणि माझा नवस

१४ ऑक्टोबर २००१, रवि.

डोळे अजून चुरचुरताहेत. साबण लावून अंघोळ झाली तरी मंदा म्हणते, लांब बसा.

सरांच्या अपघातानंतर आज पहिल्यांदाच तिघं गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी गेलो. मी, रफिक आणि गायकवाड सर. टेम्पो रफिकचा, भाजायचा ढोल माझा. ढोलाचे पाय परत वेल्ड करायला हवेत. पिंप उभं चिरून शेगडी बनवली तेव्हा पायांची घाईच झाली होती, एक बाजू कलते आणि कोंबडी घरंगळते.

कोळसा संपला होता. रफिकने ओझरच्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या बागेतून द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या आणल्या. फुकट मिळाल्या म्हणून खूश. काड्यांवर निळसर डाग होते. आम्ही तिघं जन्माचे नाशिककर, पण पावसाळाभर बागेवर मोरचुदाचे फवारे मारतात हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वर काड्या अर्ध्या ओल्या. पेटवल्या आणि असा काही कडू धूर उठला की मी पाण्याकडे पळालो, रफिक टेम्पोच्या काचा वर करून बसला. सर मात्र धुराच्या मधोमध. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि चिमट्याने शांतपणे तुकडे उलटताहेत. मला हाक मारून म्हणाले, "अरे, कुठे चाललात? होतच आलंय."

पोट धरून हसलो. कोंबडी सगळी कुत्र्यांना टाकली. त्यांनी हुंगलं आणि चालती झाली.

परतताना टेम्पोत मग लक्षात आलं. सरांना खरंच काही कळलं नव्हतं.


१५ ऑक्टोबर, सोम.

मंदाने विचारलं, काल तिथे काय खाल्लंत? दोन भाजलेले कांदे. ती हसली. म्हणाली, नवस बोलताना विचार करायचा होता.

केला नव्हता हे खरं. ऑगस्टमध्ये सरांची स्कूटर घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. हाडं शाबूत राहिली, वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. आम्ही ते फारसं मनावर घेतलं नव्हतं, जीव वाचला हेच खूप. मग एका संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो होतो. शोभावहिनी आत तव्यावर सुकट भाजत होत्या, वास पार कॉलनीच्या फाटकापर्यंत. आणि सर वहिनींना विचारतात, आज स्वयंपाकाला उशीर का? मला एकदम भरून आलं. ज्या माणसाने आजवर नुसत्या वासावर सांगितलं की आता उतरवा, आता थांबा, तो हे विचारतो? मी तिथेच सगळ्यांसमोर बोलून गेलो की सरांना वास येईपर्यंत मटण, मासे, कोंबडी बंद.

सरांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, शाळेत विज्ञान शिकवणार, नवस-बिवस त्यांना चालत नाही. भयंकर चिडले. म्हणाले, "बोलायचाच तर स्वतःच्या नाकासाठी बोल. माझं नाक मध्ये आणू नकोस." दोन आठवडे बोलणं बंद. मला वाटलं होतं महिन्याभरात फिटेल.


६ जानेवारी २००२, रवि.

कडाक्याची थंडी. सकाळी नळाला हात लावला की ओरडावंसं वाटतं.

दिंडोरी रोडला शेतात ओल्या हरभऱ्याचा हुळा. ढोलात कोळसा, बाजूला पाचटावर हरभरा. हात-तोंड काळं करून बसलो, मजा आली. नवसाला बाधा नाही.

सरांनी आज नवीन जाहीर केलं. मी खात नाही तोवर तेही मांसाहार करणार नाहीत. तसंही त्यांना सगळं रबरासारखंच लागतं म्हणे. हे त्यांचं आंदोलन, माझ्या नवसाविरुद्ध. मी म्हटलं, तुम्ही नवस मानत नाही, मग हे काय? म्हणाले, हा निषेध आहे, नवस नव्हे. फरक मला समजावून सांगत होते, हुळा संपला तरी सांगतच होते.

पंचाईत रफिकची. दही-मिरचीत मुरवलेल्या तंगड्या घेऊन आला होता, पातेलंभर. दोन्हीकडे बघत म्हणाला, "मैं क्या दो साधुओं के बीच में बैठके अकेला खाऊँ?" खाल्ल्या मात्र सगळ्या.


१२ मे, रवि.

ऊन इतकं की शेगडीची गरज नव्हती. आमच्याच गच्चीवर, सूर्य कलल्यावर. वांगी, कांदे, पनीर. पनीर जाळीला चिकटलं. कोंबडीवर ज्याचा हात बसलाय त्याने पनीरच्या नादी लागू नये.

मी आता सरांवर प्रयोग करतो. त्यांना पाठ करून बसवायचं आणि निखाऱ्यावर काहीतरी टाकायचं. लसूण. तूप. लवंग. आज आंब्याची साल. दरवेळी तेच उत्तर, "काही नाही रे." आधी चिडायचे, हल्ली निमूट बसतात. आज वाटलं, ते माझ्यासाठी बसतात. उलटंच होऊन बसलंय.

मंदा म्हणते, तुमचं पोट कमी झालं, सरांचे तेवढे तरी आभार माना.


२१ जुलै, रवि.

हरसूल. सर नोकरीला लागले ते तिथल्या शाळेत, तेव्हापासूनचे त्यांचे स्नेही लक्ष्मणदादा. पाऊस धो धो. पडवीत ढोल मांडला, पाय या वेळी नीट वेल्ड केलेले. दादांनी ओढ्याचे खेकडे आणले होते. निखाऱ्यावर टाकले, कवचं लाल झाली, आणि तो वास! मी पावसात जाऊन उभा राहिलो, नाहीतर नवस तिथेच गेला असता वाहून.

दादा सरांना म्हणाले, "सर, तुमी खात नाय, ह्ये पावनं खात नाय. खेकडं काय मंग पुजायला आणलं?" रफिक म्हणाला, मैं हूँ ना.

पाऊस जरा थांबला तेव्हा सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. भाताच्या खाचरांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मटणाचं काही नाही रे. धाकटीच्या डोक्याला तेल लावतो ना रोज शाळेच्या आधी, तो वास गेला. आता तर आठवतही नाही नीट."

त्यांच्या हातात भाजलेलं कणीस दिलं. त्यांनी ते अर्धं मोडून मला दिलं.


१८ ऑगस्ट, रवि.

श्रावण. अख्खी गल्ली माझ्या पंगतीत. कोणी विचारत नाही, काय हो, तब्येत बरी नाही का? वर्षातले हे दिवस सुखाचे. गच्चीवर कणसं आणि रताळी. पाऊस आला, ढोलावर छत्री धरून भाजलं. छत्रीला भोक. मंदाची होती.


२० ऑक्टोबर, रवि.

नीट लिहायला हवं.

रोजे सुरू व्हायच्या आत एकदा जाऊ, असं रफिकच म्हणाला. धरणावर तीच जागा. या वेळी बाभळीचा कोळसा, काड्या नाहीत. कोंबडी रफिकने मुरवून आणलेली. मी शेगडीपाशी, रफिक वारा घालतोय. सर पाण्याकडे तोंड करून दगडावर बसलेले, आमच्याकडे पाठ. आज मी कसला प्रयोग करत नव्हतो. कंटाळलो होतो खरं तर.

तुकडे उलटले, मसाला खाली गळला, धूर झाला. तेवढ्यात सर मागे न बघता म्हणाले, "जिरं करपतंय तुझं."

माझ्या हातातला चिमटा पडला.

रफिक कधीच कोंबडीला जिरं लावत नाही. त्याच्या अम्मीची रीत आहे, बदलत नाही. मी एक तुकडा नाकाशी धरला. लाल मिरची, लसूण, धूर. जिरं होतं का? असेल. वर्षभर कोंबडी नाकाजवळ आणली नाही, माझंच नाक मला सांगेना. रफिकला विचारलं, आज जिरं घातलंस? तो कोळशाला वारा घालत राहिला. म्हणाला, "सर को पूछ." आणि हसला. तो असा खरं बोलतानाही हसतो आणि थापा मारतानाही.

सरांना विचारलं, खरंच आला? म्हणाले, "आला. क्षणभर. गेला परत." आणि कपाळावर आठी. "मला काय, मी नवस मानत नाही. तुझं तू बघ."

सर खोटं बोलत नाहीत. शाळेत मुलांना एका मार्कासाठीही सोडत नाहीत. पण रफिकच्या दुकानावर गेल्या आठवड्यात दोघं चहा पीत बसले होते आणि मी गेलो तसे गप्प झाले. आणि आजची टूम रफिकचीच.

पुन्हा विचारावं, डोळे बांधून, वेगळं काही टाकून? विचारता येईल. पण खरंच आला असेल तर त्या माणसाच्या आनंदावर शंका घेतल्यासारखं होईल. आणि आला नसेल, तर माझ्यासाठी सर जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले असतील. ते मी कोणत्या तोंडाने उघडं पाडू?

निघताना सरांनी स्वतःच्या हाताने एक तंगडी डब्यात घालून दिली. त्यांनी खाल्ली की नाही, मी पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही बहुतेक.

डबा समोर आहे. मंदाने लिंबू चिरून ठेवलंय आणि दारात उभी आहे. झाकण उघडलं. वास घेतोय कधीचा. मिरची. लसूण. आणि मागे कुठेतरी, अगदी पुसटसं, जिरं असावं.