पाचवं शील

परळ,
९ मार्च २०२५

ती. रश्मीताईस,
धाकट्या भूषणचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. परळहून अँटॉप हिलला पत्र धाडणारा मी एकटाच वेडा असेन. आमच्या गटाच्या मॅडम म्हणाल्या की फोनवर सारख्या शपथा घ्यायची सवय असेल तर घरातल्या एका माणसाला कागदावर लिहा. मी तुझं नाव दिलं.

हा गट मोबाईलवर भरतो, मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सातला. आम्ही नऊ जण. कुणाला दारू, कुणाला गोळ्या, आणि प्रत्येकाच्या मागे काहीतरी घडून गेलेलं. नावं बाहेर सांगायची नाहीत, तुलासुद्धा नाही. आधी घंटा वाजते, मग श्वासाकडे लक्ष द्यायचं, मग ज्याला वाटेल त्याने बोलायचं. पहिल्या दिवशी डोळे मिटले तर मी चालवतो त्या अँब्युलन्सचा आरसा दिसला, आणि आरशात स्ट्रेचरवरचे बाबा. मी उठूनच गेलो. पुढच्या वेळी मॅडम म्हणाल्या, डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकवा आणि एकच वस्तू बघत राहा. मी मोरीजवळची फुटकी लादी बघतो.

आता गंमत ऐक. खोलीत एकट्यानेच बसायचं असतं, त्यामुळे आईला बाहेर गॅलरीत बसावं लागतं. पहिल्या दिवशी माझ्याकडे इअरफोन नव्हता. घंटा आणि श्वास ऐकून तिला वाटलं, हा धम्माचा क्लास. तिने सगळ्या मजल्याला सांगून टाकलंय की भूषण ध्यान शिकतोय. दारू मी वर्षापूर्वीच सोडली असं तिला वाटतं, तेव्हा खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. माझा धीर होत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा,
भूषण

---

अँटॉप हिल,
१४ मार्च २०२५

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. आम्ही सगळे ठीक.

पत्राला पोहोचायला चार दिवस लागले. तू चालत आला असतास तर चहा पिऊन परतही गेला असतास. अक्षर अजून तसंच आहे, सातवीच्या पुढे गेलंच नाही.

चार वर्षांत तू बाबांचा पहिल्यांदा उल्लेख केलास. ऑफिसात वाचलं आणि उठून बाथरूममध्ये जाऊन रडले. भूषण, कोरोनाच्या त्या एप्रिलमध्ये मी तापाने घरात अडकलेली आणि तू एकटा त्यांना घेऊन तीन हॉस्पिटलं फिरलास. कुठेच खाट नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी मी फोनवर तुला म्हणाले की वेळेत का नेलं नाहीस. ते मी म्हणायला नको होतं. हे तोंडावर सांगायला मला जमलं नसतं, म्हणून तुझ्या मॅडमचे आभार.

आईचं घाईने काही करू नकोस. आणि वेळेवर जेव.
तुझी लाडकी नसली तरी एकुलती एक,
ताई

---

परळ,
५ मे २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं. अठरा मार्चला मॅडम शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष द्यायला सांगत होत्या. उजव्या पावलाशी आलो आणि पाय थरथरायला लागला, थांबेचना. त्या दिवशी हाच पाय ऍक्सिलरेटरवर होता. मी गाडी हाणत बाबांशी बोलत होतो, आता पोहोचतोच म्हणून, आणि ते मागे कधी गेले मला कळलंच नाही. मी मोबाईल बंद केला आणि जाऊन प्यायलो. शनिवारी परत गटात बसलो आणि सांगितलं. कुणी काही सुनावलं नाही. एक काका फक्त म्हणाले की आलास, बरं झालं. प्यायलो त्याला आज अठ्ठेचाळीस दिवस झाले.

आता खरी अडचण. बारा तारखेला बुद्धपौर्णिमा. मंडळाचा सम्यक घरी येऊन गेला, म्हणाला, तू ध्यानाला बसतोस, यंदा विहारात त्रिशरण-पंचशील तू दे. आईने मला न विचारताच होकार दिला. तिचा चेहरा असा उजळला होता की मला नाही म्हणवेना. ताई, पाचवं शील दारूचं आहे. मी पुढे म्हणायचं आणि लोकांनी माझ्या मागून. ते खोटं तोंडातून काढलं तर मी बाहेर पडून सरळ गुत्त्यावर जाईन, हे मला पक्कं ठाऊक आहे. खरं बोललो तर आईला चाळीत मान वर करता येणार नाही.

काय करू ते लिही. तुझ्या उत्तरावर आहे.
भूषण

---

अँटॉप हिल,
८ मे २०२५

चि. भूषण यास,
आशीर्वाद.

हे पत्र ऑफिसच्या शिपायाच्या हाती पाठवते, पोस्टाचा भरवसा नाही. सरळ ड्यूटी लागली म्हणून सांग आणि मोकळा हो. मी तरी तेच केलं असतं. पण रात्रभर विचार केला तर तेही पटेना. तू प्यायलास याचा राग आला, आणि तू ते मला स्वतःहून सांगितलंस म्हणून राग टिकलाही नाही. तुला ठरवून द्यायची माझी हिंमत नाही रे. आमच्या लहानग्या अक्षताला कांजिण्या आल्यात, मला येता येणार नाही. तू जे करशील त्यात मी तुझ्या बाजूने आहे, एवढं धरून चाल.

तुझी,
ताई

---

परळ,
१३ मे २०२५

चि. रश्मीस,
आईचा जयभीम. अक्षताचे फोड लवकर सुकोत.

माझं अक्षर प्रौढवर्गातलं, सांभाळून वाच. भूषण म्हणाला, आई, ताईला तूच लिही.

काल विहार गच्च भरला होता. भूषण पांढरा सदरा घालून पुढे उभा राहिला. चार शीलं नीट म्हणाला, लोक मागून म्हणाले. पाचव्याला थांबला. मला वाटलं विसरला. तर माईकवर बोलायला लागला की मी धम्माच्या क्लासात जात नाही, दारू सुटावी म्हणून उपचाराच्या गटात बसतो, मार्चमध्ये प्यायलो होतो, आज पंचावन्न दिवस झाले. म्हणाला, हे शील मी तुम्हाला द्यावं असं माझं तोंड नाही, कुणीतरी पुढे म्हणा, मी मागून म्हणतो.

कुणी हलेना. मग मीच उठले. गुडघ्याला हात लावून उठले, माईकशी गेले आणि शील म्हटलं. माझ्या मागून आधी तो एकटा म्हणाला, रडत रडत. मग सगळा विहार म्हणाला.

घरी येताना मला म्हणतो, आई, तुझी मान खाली गेली. मी म्हटलं, मला पहिल्या मंगळवारपासून ठाऊक आहे. धम्माच्या क्लासात माणूस असा हमसून रडत नाही. मार्चमधला तो वासाचा शर्ट धुतला कुणी? उपचार आहे म्हणून सांगितलं असतं तर अख्खी गॅलरी दाराला कान लावून बसली असती, म्हणून मी क्लास सांगितला. खोटं बोलू नये हे चौथं शील. ते मी मोडलं, पाचवं तू मोडलंस. आता दोघांनी मिळून सांभाळू.

मग जिन्यात बसला आणि मला पहिल्यांदा त्या दिवसाचं सगळं सांगितलं. आणि विचारलं, आई, बाबा मागे एकटेच गेले ना गं?

मी म्हटलं, अरे, तू सगळी वाट त्यांच्याशी बोलत होतास ना? मग एकटे कसे?

पोरी, तुझ्यावरही माझा तितकाच जीव आहे. कांजिण्या उतरल्या की ये.
तुझी आई,
मीराबाई