पाच तासांचा उपास

बालाघाट, गुरुवार

चिंतामण यास तेजरामचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? आमच्या इथे सगळ्यांची तब्येत ठीक, फक्त जीव ठिकाणावर नाही. फोन केला असता, पण तुझी बहीण कमला फोनजवळून हलत नाही, म्हणून पत्र.

आपली श्रुतिका (राहुलची थोरली) शिकायला टोरोंटोला गेली. आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. निघालेलं माणूस पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत घरात झाडू लागत नाही आणि घरच्या मोठ्या माणसांनी अन्नाला शिवायचं नाही. गोंदियाला कोणी गेलं तर वाटेवरचं राजेगाव ओलांडलं की थोड्या वेळात निरोप येतो, भुकेलाही सवड मिळत नाही. म्हणून मी आधी तिकीट पाहून घेतलं. दिल्लीहून दुपारी दोनला सुटणार, टोरोंटोला संध्याकाळी सातला. पाच तास! लालबर्रा-सिवनीवरून बसने जबलपूरला जायला एवढेच लागतात. शेजारच्या भैयालालला मी सांगूनही आलो की कॅनडा लोक म्हणतात तेवढं लांब नाही. सकाळी चिंतेने घास उतरला नव्हता, पण सातला जेवायचंच होतं.

सात वाजले. सव्वासात वाजले. निरोप नाही. राहुलला म्हटलं, "अरे, पोरीचं विमान कुठं राह्यलं?" तर तो हसतो! "बाबा, वो सात वहाँ का है. आपल्या इथं तवा पहाटेचे साडेचार वाजतीन."

"मग तिकिटावर आपलं टाइम काहून नाही लिहीत?"

त्याने मोबाइलवर विमान दाखवलं. अंतर साडेअकरा हजार किलोमीटर, आणि कॅनडा पश्चिमेला असताना विमान उत्तरेला चाललेलं. (चौथीपर्यंतचा भूगोल मलाही येतो.) पायलट रस्ता चुकला म्हटलं, तर म्हणे पृथ्वी गोल आहे, वरून जवळ पडतं. अरे, पण वर नुसता बर्फ. चुकला तर विचारणार कोणाला? शेवटी राहुल म्हणाला, "चिंता नोका करू बाबा, तिले तिथं जेवण बी देतात." हे त्याने सांगायला नको होतं.

पोरगी सुखरूप उतरली. पण एक बॅग आली नाही, कमलाच्या हातच्या लोणच्याची बरणी असलेली. तेव्हापासून तुझी बहीण एकच धोशा लावून बसली आहे, "कोणीतरी जेवलं. खरं सांगा, कोण जेवलं?" आणि पाहते सूनबाईकडे. बिचारी मंजुषा रडवेली झाली आहे.

तुझा भाऊजी,
तेजराम

ता. क. : जेवलो मीच. आठ वाजता, विमान रशियावर असताना, झाकून ठेवलेला वरणभात, उभ्याने. (उभ्याने खाल्लेलं मोजत नाहीत असं वाटलं.) सुनेवरचा आळ बघवत नाही आणि कबूल करायची छाती नाही. कमलाने तुलाही फोन करून उपाशी राहायला सांगितलं होतं. तेव्हा तू जेवलास असं तिला कळव. धाकटा भाऊ आहेस, लहानपणापासून ती तुला माफच करत आली आहे.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवताना श्रुतिकाचा फोन आला. बॅग मिळाली, पण बरणी फुटलेली. तेव्हा वरणभातासोबत लोणचंही घेतलंस असं लिही. घेतलं होतं मी.