मंगळवारची सुटी

उमरखेड,
४ डिसेंबर २०२४

चि. संघदीपला ताईचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तू मला हो हो म्हणतोस आणि मधेच कुणाला तरी गाडी वजनकाट्यावर घे म्हणून ओरडतोस. म्हणून हे पत्र, निदान पुरतं वाचशील. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तुझ्या त्या कापसाच्या जिनिंगपायी दोनदा पुढे गेलं. ती म्हणते की संघदीप आल्याबिगर मी डोळ्याले हात लावू देत नाही. आता डॉक्टरांनी २ जानेवारी दिली आहे आणि यापुढे उशीर केला तर जड जाईल म्हणून बजावलं आहे. आईबापाच्या दवाखान्यासाठी तुमच्या जिनिंगचे मालक उत्तमसिंग शेठ यांनी पाच दिवस पगारी रजा सुरू केल्याचं तूच सांगितलंस. मग घोडं अडलं कुठे? मला तुझा खरंच राग आला आहे.

रागातही तुझी वाट पाहणारी,
साधनाताई

दिग्रस,
११ डिसेंबर २०२४

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

खरं सांगतो, रजा मागायची भीती वाटत होती. शेठनी आठवड्याची सुटीही सक्तीची केली आहे. त्या दिवशी कामाचा फोन ऑफिसात ठेवायचा आणि फाटकातून आत यायचं नाही. मला वाटलं, अठरा वर्षं कापूस पारखणाऱ्या माणसाला हळूच बाजूला सारायचा हा बेत.

म्हणून काल, माझ्या सुटीच्या मंगळवारी, माझ्यामागे काम कसं चालतं ते पाहायला, तोंडाला दुपट्टा बांधून शेजारच्या रामधनच्या कापसाने भरलेल्या पिकअपमध्ये बसलो आणि शेतकरी म्हणून आत शिरलो. माल कोरडा आहे, असं मीच त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. माझ्या हाताखाली शिकलेल्या निकिताने गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून दवाने ओलावलेला मूठभर कापूस काढून माझ्यापुढे धरला. मी नुसता वरवर पाहिला होता. दुपट्ट्याआडूनही तिने मला ओळखलं. हळूच म्हणाली की दादा, तळचा कापूस पाह्याचं तुम्हीच तं शिकवलं, अन् आज तुमची सुटी हाय.

ओल्या मालाचा भाव कापला गेला म्हणून रामधन अजून बोलत नाही. शेठ मात्र हे कळल्यावर पोट धरून हसले आणि माझ्या रजेचा अर्ज स्वतःच लिहून सहीला पुढे सरकवला. तुमची जागा कुठं पळून नाही जात, आधी आईकडं जा, म्हणाले. १ तारखेला पोचतो.

तुझी बोलणी खायला तयार असलेला,
संघदीप

दिग्रस,
८ जानेवारी २०२५

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

परवा कामावर रुजू झालो. पाच दिवसांत निकिताने एकही गाडी अडू दिली नाही. बरं वाटलं, नि थोडं वाईटही वाटलं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. आईची पट्टी काढली तेव्हा तू औषधं आणायला गेली होतीस. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग जवळ बोलावून माझं डोकं झटकायला लागली. म्हणे, सरळ जिनिंगमधून आला काय रे, केसांत केवढा कापूस बसला. मी तिला झटकू दिलं. थोड्या वेळाने तिचा हात आपोआप थांबला आणि तिने विचारलं की हे केस कवा पिकले रे.

येत्या मंगळवारी सकाळच्या पहिल्या एसटीने येतो. आईला सांग, आणि माझ्या वाटणीची भाकर टाकायला विसरू नकोस.

तुझाच,
संघदीप